कलम २५५३: मंडळी फुटते तेव्हा

२०१९ ते २०२३ या काळात अमेरिकेतल्या युनायटेड मेथॉडिस्ट चर्च या प्रोटेस्टंट संप्रदायातून साडेसात हजारांहून जास्त मंडळ्या, म्हणजे स्थानिक चर्चं, बाहेर पडल्या. देशातल्या त्यांच्या एकूण मंडळ्यांचा हा जवळजवळ चौथा हिस्सा. टेक्ससमधली आमची मंडळी त्यातलीच एक. "इथेच राहू या" म्हणणाऱ्यांच्या बाजूने आम्ही काही जण पहिल्या पत्रापासून शेवटच्या सहीपर्यंत या प्रक्रियेत होतो. मुंबई-पुण्याहून आलेली मराठी मेथॉडिस्ट कुटुंबंही त्यात होती. तिकडून फोन आला की लोक विचारतात, "चर्च फुटलं म्हणजे भांडणं झाली का?" भांडणं फार झाली नाहीत. झाली ती कागदोपत्री प्रक्रिया. पण ती एकेक पायरीने पाहिली की पुराणमतवादी इव्हँजेलिकल विचार मंडळीत कसा शिरतो, बोलतो काय आणि करतो काय, हे लख्ख दिसतं. म्हणून ती तपशिलात लिहीत आहोत. भारतातलं मेथॉडिस्ट चर्च १९८१ पासून स्वायत्त आहे, त्यामुळे तिकडच्या मंडळ्यांना हे कलम कधीच लागू नव्हतं.

आधी कलम काय होतं ते. मेथॉडिस्टांच्या नियमग्रंथाला 'बुक ऑफ डिसिप्लिन' म्हणतात. त्यातल्या विश्वस्त-कलमानुसार चर्चची इमारत, जमीन, पाळकांचं घर स्थानिक मंडळीच्या नावावर असलं तरी ते सगळ्या संप्रदायाच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळायचं असतं. ही पद्धत मेथॉडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याच्या काळापासूनची. म्हणजे रागावलेली माणसं कधीही निघून जाऊ शकतात, पण इमारत सोबत नेता येत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये सेंट लुईसला जनरल कॉन्फरन्सचं, म्हणजे संप्रदायाच्या सर्वोच्च सभेचं, खास अधिवेशन भरलं आणि ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी 'ट्रॅडिशनल प्लॅन' मंजूर झाला. समलिंगी विवाह लावायला आणि समलिंगी व्यक्तींना पाळकपदाची दीक्षा द्यायला असलेली बंदी कायम राहिली, शिक्षा मात्र कडक झाल्या. त्याच अधिवेशनात कलम २५५३ आलं. ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत ठरलेलं बहुमत मिळवा, ठरलेले पैसे भरा आणि मालमत्तेसह बाहेर पडा, अशी मुदतीपुरती वाट त्याने मोकळी करून दिली.

बाहेर पडायचं कारणही कलमातच नमूद होतं, आणि एकच. समलिंगी आचरण, समलिंगी व्यक्तींची दीक्षा आणि त्यांचे विवाह याबाबत २०१९ ला झालेला बदल, किंवा आपल्या ॲन्युअल कॉन्फरन्सने (आपल्या प्रदेशातल्या मंडळ्यांच्या विभागाने) याच विषयांत केलेली वा न केलेली कृती, सदसद्विवेकाला पटत नसेल तरच हे कलम वापरता येत होतं. दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी नाही. ज्या कोणाला अशा प्रक्रियेतून जायचं असेल त्याने हे वाक्य पहिल्याच बैठकीत सर्वांसमोर वाचून घ्यावं. कारण जवळजवळ प्रत्येक मंडळीत प्रचाराची सुरुवात "प्रश्न समलिंगी लोकांचा नाही, प्रश्न शास्त्राच्या अधिकाराचा आहे" या वाक्याने होत होती. मग अर्जावर कारण काय लिहिलंय? ज्या लोकांवरून मंडळी मोडते आहे त्यांचं नावही तोंडावर घ्यायचं नाही, आणि सहीच्या कागदावर मात्र तेच कारण द्यायचं, हे आम्हाला सर्वांत जास्त लागलं. त्या बाकांवर कोणाचा मुलगा, कोणाची बहीण बसलेली असते, आणि हे वाक्य त्यांच्यासमोर उच्चारलं जातं.

आणखी एक. २०१९ ला पुराणमतवादी जिंकले होते. त्यामुळे हे कलम वापरतील ते हरलेले, उदारमतवादी, असं त्या वेळी बऱ्याच जणांना वाटलं होतं. बाहेर पडले ते बहुतांशी जिंकलेले. कलमात आपल्या कॉन्फरन्सची कृती म्हटलेली असली, तरी उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या कॉन्फरन्सा बंदी अंमलात आणत नव्हत्या, ही "न केलेली कृती" त्यांना पुरेशी होती. म्हणजे स्वतःच्या मंडळीत कोणी काही सक्ती केलेली नव्हती. हजार मैलांवरच्या दुसऱ्या मंडळीत कोणाचं लग्न लागतं, याचा सदसद्विवेकाला त्रास होत होता.

नोंदवही आणि नोटीस

पायऱ्या अशा होत्या. मंडळीची कार्यकारिणी डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंटना, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या जिल्हाप्रमुख पाळकांना, पत्र द्यायची. बहुतेक कॉन्फरन्सांनी त्यानंतर चिंतनाचा काळ ठेवला होता. तो कुठे काही आठवड्यांचा, कुठे काही महिन्यांचा. मग सुपरिंटेंडेंट चर्च कॉन्फरन्स, म्हणजे मंडळीच्या सर्व सभासदांची सभा, बोलावायचे आणि बोलावल्यापासून १२० दिवसांच्या आत ती व्हावी लागे. नोटीस किमान १० दिवस आधी, आणि कलमाने खास सांगितलेलं की ती सर्व सभासदांपर्यंत, ईमेलसह मिळेल त्या मार्गाने पोचली पाहिजे.

इथे पहिली चूक होते. नोटीस रविवारच्या उपासनेत वाचून दाखवतात, पत्रकात छापतात आणि झालं म्हणतात. पण जे रविवारी येतात त्यांना तसंही माहीत असतं. वृद्धाश्रमात असलेले, कॉलेजसाठी दुसऱ्या शहरात गेलेले, कोविडनंतर फक्त ऑनलाइन उपासना पाहणारे यांच्यापर्यंत ती जात नाही. आम्ही कार्यालयाकडून सभासदांची पूर्ण यादी मागितली, पत्ते-फोन दुरुस्त केले आणि प्रत्येकाला फोन झाला की नावापुढे तारीख टाकली. हे काम दोघा-तिघांचं नाही. दर २५ नावांमागे एक माणूस धरला तरच दोन आठवड्यांत पुरं होतं.

मत कोणाला आहे हे पक्कं माहीत हवं. ज्याने बाप्तिस्मा झाल्यावर सर्वांसमोर विश्वासाची शपथ घेतली आहे तो 'प्रोफेसिंग मेंबर', आणि मत त्यालाच. दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांनाही आहे, हे पुष्कळ आईबापांना माहीत नसतं. फक्त बाप्तिस्मा झालेल्या लहान मुलांना नाही. वर्षानुवर्षं येणाऱ्या पण सभासद न झालेल्या पाहुण्यांना नाही. भारतातून आलेल्या कुटुंबांची अडचण नेमकी इथे होते: आपली सभासदत्वाची चिठ्ठी अजून पुण्या-मुंबईच्या मंडळीतच असते, आणि दहा वर्षं सेवा करूनही मतदानाच्या दिवशी नाव सापडत नाही. पाळकांनाही मत नाही, कारण त्यांचं सभासदत्व ॲन्युअल कॉन्फरन्सकडे असतं. त्यांच्या पत्नीला किंवा पतीला, स्थानिक सभासद असल्यास, आहे. दुसऱ्याच्या वतीने मत देता येत नाही, हजरच राहावं लागतं. गावाबाहेर राहणारा सभासद मात्र नाव वहीत असेल तर येऊन मत देऊ शकतो. "हे तर कधी येत नाहीत, यांची नावं काढून टाका" असा सूर निघाला तर नियम दाखवावा: निष्क्रिय सभासदाचं नाव काढायला आधी संपर्काचे प्रयत्न आणि ठरलेला काळ जावा लागतो, मतदानाच्या महिनाभर आधी वही झाडता येत नाही.

बैठकांमध्ये काय बोललं जातं

चिंतनाच्या बैठका सहसा तीन ते सहा. हॉलमध्ये गोल टेबलं, कॉफी, आणि एक पत्रक. पत्रकात दोन रकाने असतात: डावीकडे "ते काय मानतात", उजवीकडे "आपण काय मानतो". डाव्या रकान्यात हमखास सापडणारी विधानं म्हणजे ते ख्रिस्ताचं देवत्व नाकारणार आहेत, पुनरुत्थान वगळणार आहेत, शास्त्र बदलणार आहेत.

यावर तावातावाने बोलून उपयोग नाही. नियमग्रंथ उघडून टेबलावर ठेवावा. मेथॉडिस्टांचे २५ धर्मविषयक सिद्धान्त आहेत. त्रैक्य, ख्रिस्ताचं देवत्व, पुनरुत्थान सगळं त्यात आहे. ते बदलायला जनरल कॉन्फरन्समध्ये दोन-तृतीयांश आणि मग जगभरातल्या ॲन्युअल कॉन्फरन्सांच्या एकूण मतांपैकी तीन-चतुर्थांश मतं लागतात. कोणी एक बिशप हे करू शकत नाही. हे पान झेरॉक्स करून प्रत्येक टेबलावर ठेवल्यावर डावा रकाना बराचसा गळून पडतो. पण हे पहिल्या बैठकीत करायला हवं. चौथ्या बैठकीपर्यंत ती विधानं लोकांच्या मनात पक्की बसलेली असतात.

त्याच २५ सिद्धान्तांतला पाचवा तर सावकाश वाचण्यासारखा आहे. तारणासाठी लागणारं सगळं पवित्र शास्त्रात आहे, असं तो सांगतो. शास्त्रातलं प्रत्येक वाक्य इतिहासात आणि विज्ञानातही बिनचूक आहे, असं तो म्हणत नाही. ती अचूकतेची भूमिका इव्हँजेलिकल पुढाऱ्यांनी १९७८ साली शिकागोच्या जाहीरनाम्यात बांधून दिली, आणि रेडिओ, अभ्यासपुस्तिका, यूट्यूब यांच्यामार्फत ती मेथॉडिस्ट घरांत आली. लोकांना वाटतं ती आजोबांच्या काळापासूनची श्रद्धा आहे. आजोबांच्या मेथॉडिस्ट मंडळीत शास्त्र, परंपरा, विवेक आणि अनुभव ही चार दारं उघडी असायची, त्यात शास्त्राचा मान पहिला. "शास्त्र की अनुभव" असा सवाल कोणी टाकला की समजावं, ही मेथॉडिस्ट बोली नाही.

मग वचनं येतात. सहा ठिकाणं सारखी दाखवली जातात: उत्पत्ती १९, लेवीय १८:२२ आणि २०:१३, रोमकरांस १:२६-२७, १ करिंथ ६:९, १ तीमथ्य १:१०. पुढच्या-मागच्या ओळींसकट ती वाचावीत. सदोमाचं पाप काय होतं हे शास्त्रच यहेज्केल १६:४९ मध्ये सांगतं: गर्व, पोटभर अन्न, निवांत सुख, आणि गोरगरिबांना हात न देणं. लेवीयातली दोन वचनं १८व्या आणि २०व्या अध्यायात आहेत. मधला १९वा अध्याय आमच्या अभ्यासगटाने मुद्दाम मोठ्याने वाचला. त्यात ३३-३४ व्या ओळींत आहे की तुमच्या देशात राहणाऱ्या परदेशीयाला छळू नका, त्याला आपल्यातलाच समजा, त्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करा. दोन बाजूंची पानं खुणा करून करून मऊ झालेली आणि मधलं पान कोरं, अशी बायबलं त्या टेबलावर होती. मेक्सिकोच्या सरहद्दीवरच्या माणसाबद्दल बोलताना मधलं पान कोणी उघडत नाही. उदारमतवादी ख्रिस्ती माणसाची तक्रार हीच आहे: तुम्ही शास्त्र जास्त मानता असं नाही, तुम्ही त्यातलं थोडंच मानता.

करिंथच्या वचनात दोन ग्रीक शब्द आहेत. एक 'मालाकॉइ', शब्दशः मऊ. हाच शब्द येशू मत्तय ११:८ मध्ये राजवाड्यातल्या तलम कपड्यांसाठी वापरतो. दुसरा 'आर्सेनोकॉइताइ' पौलाआधी कोणी वापरल्याचं सापडत नाही, त्यामुळे त्याचा नेमका अर्थ पंडितांमध्ये वादाचा आहे. १९४६ साली एका इंग्रजी भाषांतराने हे दोन्ही शब्द मिळून 'होमोसेक्शुअल्स' केलं, आणि १९७१ च्या आवृत्तीत त्याच मंडळाने ते बदललं. भाषांतर हा माणसाचा निर्णय असतो, हे मराठी माणसाला पटवायला वेळ लागत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू-ग्रीक शिकून आख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं, ते असल्याच जाणिवेतून. याच रमाबाईंनी इंग्लंडमध्ये असताना, नुकता बाप्तिस्मा झालेला असूनही, लिहून कळवलं होतं की मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटले आहे, लगेच दुसरं तसलंच मानेवर घेणार नाही.

बैठकीत विचारण्यासारखा एक प्रश्न आहे, आणि तो शांतपणे विचारावा. घटस्फोटाबद्दल येशू मार्क १०:११-१२ मध्ये अगदी सरळ बोलतो. समलिंगी लोकांबद्दल तो चारही शुभवर्तमानांत एक शब्द बोलत नाही. तरी मंडळीत घटस्फोट होऊन पुन्हा लग्न केलेले विश्वस्त आहेत, पाळक आहेत, आणि असायलाच हवेत. आपण तिथे करुणेने वाचलं. बायकांनी सभेत गप्प राहावं, शिकवू नये असं १ करिंथ १४ आणि १ तीमथ्य २ म्हणतात. मेथॉडिस्टांनी १९५६ मध्ये स्त्रियांना पाळक म्हणून पूर्ण हक्क दिले, आणि बाहेर पडून १ मे २०२२ रोजी स्थापन झालेलं ग्लोबल मेथॉडिस्ट चर्चही स्त्रियांना दीक्षा देतं. सदर्न बॅप्टिस्ट हा दुसरा मोठा पुराणमतवादी संप्रदाय मात्र तीच वचनं दाखवून २०२३ मध्ये स्त्री पाळक नेमणाऱ्या मंडळ्यांना बाहेर काढतो. तर मग वाचण्याची पद्धत दोन ठिकाणी एक आणि तिसऱ्या ठिकाणी वेगळी का? या प्रश्नाला आम्हाला कुठल्याच बैठकीत वचनाच्या आधाराने उत्तर मिळालं नाही.

१८४४ आठवायला हवं. बिशप जेम्स अँड्र्यू यांच्याकडे गुलाम होते. यावरून त्या वर्षीच्या जनरल कॉन्फरन्समध्ये मेथॉडिस्ट फुटले, आणि दक्षिणेचं वेगळं चर्च झालं. मालमत्तेच्या वाटणीवरून प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. दक्षिणेकडचे पाळकही "आम्ही फक्त शास्त्र मानतो" असंच म्हणत होते. इफिसकरांचं पत्र, फिलेमोनाचं पत्र, हामच्या वंशजांना शाप, सगळी वचनं त्यांच्याकडे तयार होती, आणि शब्दशः वाचनात तेच जिंकत होते. १९३९ ला पुन्हा एकत्र आले, तेही कृष्णवर्णीय मंडळ्यांची वेगळी चूल मांडून. ती १९६८ ला मोडली. ज्या प्रांतांत ही वचनं तेव्हा चालली, त्याच प्रांतांतून यावेळी सर्वाधिक मंडळ्या बाहेर पडल्या. आजचा प्रत्येक पुराणमतवादी वर्णद्वेषी आहे असं आम्ही अजिबात म्हणत नाही. त्यांच्यात आमचे जिवलग आहेत. पण वाचण्याची एक पद्धत एकदा इतकी मोठी चूक करून बसली असेल, तर दुसऱ्यांदा ती वापरताना हात थरथरायला हवा.

राजकारण कुठून येतं

चर्चमध्ये राजकारण नको, असं दोन्ही बाजू म्हणतात. पण बैठकीत निघालेले विषय लिहून ठेवले तर यादी उपासनेची न राहता एका पक्षाच्या जाहीरनाम्याची होते: गर्भपात, शाळेतली पुस्तकं, सरहद्द, बंदुका. इव्हँजेलिकल श्रद्धा आणि हा जाहीरनामा यांची सांगड पुरातन नाही. १९७१ मध्ये सदर्न बॅप्टिस्टांनी ठराव करून बलात्कार, गर्भातलं गंभीर व्यंग, आईच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला धोका, अशा स्थितीत गर्भपाताला परवानगी देणारा कायदा मागितला होता. मग पुढारी एकत्र आले कशावरून? बॉब जोन्स विद्यापीठासारख्या वर्णभेद पाळणाऱ्या संस्थांची करसवलत सरकारने काढली. बॉब जोन्सची १९७६ मध्ये गेली आणि १९८३ ला सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ मतांनी तो निर्णय उचलून धरला. या राजकीय ख्रिस्ती चळवळीचे एक शिल्पकार पॉल वेरिक यांनी पुढे स्वतःच सांगितलं की ख्रिस्ती मतदार पेटला तो गर्भपाताने नव्हे, या शाळांच्या करसवलतीने. १९७९ ला 'मॉरल मेजॉरिटी' ही राजकीय संघटना उभी राहिली, आणि २०१६ पर्यंत दहापैकी आठ गोरे इव्हँजेलिकल मतदार एकाच उमेदवारामागे गेले.

मेथॉडिस्टांना याचा थेट चटका २०१८ च्या जूनमध्ये बसला. ॲटर्नी जनरल जेफ सेशन्स यांनी सरहद्दीवर मुलांना आईबापांपासून तोडण्याच्या धोरणाचं समर्थन करताना रोमकरांस १३ चा दाखला दिला: अधिकाऱ्यांच्या अधीन राहा. सेशन्स स्वतः मेथॉडिस्ट मंडळीचे सभासद. सहाशेहून अधिक मेथॉडिस्ट पाळकांनी आणि सभासदांनी नियमग्रंथाप्रमाणे त्यांच्याविरुद्ध रीतसर तक्रार दाखल केली. अधिकारी म्हणून केलेली राजकीय कृती हे व्यक्तिगत वर्तन नव्हे, असं सांगून ती फेटाळली गेली. ही दोन प्रकरणं शेजारी ठेवून पाहावीत. दोन पुरुषांचं लग्न लावणाऱ्या पाळकाची तेव्हा चौकशी होई, त्याची दीक्षा काढून घेता येई. हजारो लेकरं आयांच्या कुशीतून काढणाऱ्या धोरणाला वचनाचा आधार देणाऱ्या सभासदाला काहीच झालं नाही. रोमकरांस १३ च्याच दहाव्या ओळीत आहे की प्रीती शेजाऱ्याचं काही वाईट करत नाही. ती ओळ त्या भाषणात नव्हती.

पैसे

हा भाग रूक्ष आहे, पण निर्णय पुष्कळदा इथेच ठरतात. बाहेर पडणाऱ्या मंडळीने मागच्या १२ महिन्यांची थकलेली आणि पुढच्या १२ महिन्यांची अशी संप्रदायाची वर्गणी भरायची. त्यावर निवृत्त पाळकांच्या पेन्शनमधला आपल्या वाट्याचा न भरलेला हिस्सा. हा आकडा व्याजदरावर हलतो: २०२२ ला दर चढले तसा पुष्कळ ठिकाणी तो झपाट्याने खाली आला. त्यामुळे जुन्या कागदावरचा आकडा धरून वाद घालू नये, ताजा मागवावा. शिवाय कर्ज, खरेदीखतांचा आणि वकिलाचा खर्च. काही कॉन्फरन्सांनी वर आणखी अटी घातल्या होत्या, म्हणून शेजारच्या राज्यातल्या मंडळीचा हिशेब आपल्याला लावू नये.

बाहेर पडल्यावर काय लागतं हे बोलायला सहसा कोणी तयार नसतं. करमाफी संप्रदायाच्या सामूहिक परवानगीखाली असते, ती संपते आणि स्वतंत्र अर्ज करावा लागतो. इमारतीचा विमा नव्याने काढावा लागतो. पाळक कोण पाठवणार, ते गेले तर पुढचे कोण, आणि त्यांच्यावर तक्रार आली तर ती कोणाकडे जाणार, हे लेखी हवं. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. बिशप नको म्हणणं सोपं, पण पाळकाने कोणाला दुखावलं तर दाद मागायला वर कोणीतरी असावं लागतं. स्वतंत्र इव्हँजेलिकल मंडळ्यांचं हे जुनं दुखणं आहे.

मतदान

मतपत्रिका म्हणजे पोस्टकार्डाएवढा पिवळा कागद. वर एकच वाक्य, खाली दोन चौकोन: होय, नाही. रंगीत कागद यासाठी, की घरच्या प्रिंटरवरचा पांढरा कागद मिसळता येऊ नये. दारात आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे चार टेबलं, नावावर खूण झाल्यावरच कागद हातात. अध्यक्षस्थानी डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडेंट. मोजणाऱ्यांत दोन्ही बाजूंची माणसं असावीत, हे आधीच लेखी मागून घ्यावं.

कलमाचा शब्द नीट वाचावा: हजर असलेल्या सभासदांपैकी दोन-तृतीयांश. १८० हजर असतील तर १२० मतं हवीत, ११९ ला ठराव पडतो. मग कोऱ्या मतपत्रिकेचं काय? ती हजर माणसाची आहे, पण मत नाही. हा प्रश्न मोजणीनंतर निघाला की हॉल तापतो. अध्यक्षांकडून आधीच नियम जाहीर करून घ्यावा. आणि हेही लक्षात असू द्यावं की दोन-तृतीयांश हजर असलेल्यांचे आहेत, वहीतल्यांचे नाहीत. समजा वहीत ४५० नावं आहेत आणि १८० आले, तर १२० माणसं ४५० जणांच्या चर्चचा निर्णय करतात. म्हणूनच फोनचं काम सुरुवातीला इतकं लांबण लावून सांगितलं. अशक्त माणसांना गाडीतून आणणं, लहान मुलं सांभाळायला दोघींना बसवणं, व्हीलचेअरसाठी पुढची रांग मोकळी ठेवणं, या गोष्टींवर पाच-दहा मतं सहज फिरतात.

मतदान झाल्यावर करारपत्र, आणि मग ॲन्युअल कॉन्फरन्समध्ये साध्या बहुमताने मंजुरी. तिथे एकेका गठ्ठ्यात पुष्कळ मंडळ्या एकदम मंजूर व्हायच्या. नाव पडद्यावर यायचं आणि जायचं. ते पाहायला राहणाऱ्यांपैकी कोणीतरी तिथे असावं, असं आम्हाला वाटतं.

यात जे हरले त्यांच्यासाठी तरतूद अशी होती: युनायटेड मेथॉडिस्ट राहायचं असेल तर सभासदत्व जवळच्या दुसऱ्या मंडळीत हलवायचं पत्र सुपरिंटेंडेंटकडे द्यायचं. ते मंजुरीच्या तारखेआधी दिलेलं बरं. २ मे २०२४ रोजी शार्लटच्या जनरल कॉन्फरन्सने ५२३ विरुद्ध १६१ मतांनी नवी सामाजिक तत्त्वं स्वीकारली आणि १९७२ पासून असलेलं "ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत" हे वाक्य गेलं. आदल्या दिवशी ६९२ विरुद्ध ५१ मतांनी दीक्षेवरची बंदी उठली होती. सभागृहात माणसं रडत एकमेकांच्या गळ्यात पडली. आमच्यापैकी बरेच जण तोवर दुसऱ्या मंडळीच्या बाकांवर बसायला लागले होते.

एक काम मात्र आधीच करून घ्यावं. बाहेर पडलेल्या मंडळीला संप्रदायाचं नाव आणि क्रूस-ज्वाळेचं चिन्ह वापरता येत नाही, आणि जुन्या बाप्तिस्मा-विवाहाच्या नोंदवह्या ॲन्युअल कॉन्फरन्सच्या दप्तरखान्यात जमा होतात. भारतात मुलाचं लग्न चर्चमध्ये लावायचं तर तिथले पाळक बाप्तिस्म्याचा दाखला मागतात. वह्या खोक्यांत जाण्यापूर्वी प्रत्येक मराठी कुटुंबाने कार्यालयात जाऊन आपल्या पानाची सही-शिक्क्यासह नक्कल काढून घ्यावी. मूळ पानाचा फोटोही घ्यावा, त्यावर साक्षीदार म्हणून सही केलेली सगळी नावं दिसतील असा.